चाल कुणाची, हे कोण विचारतं?

परभणी जिल्ह्यातल्या सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, कुठल्याही तालुक्यातल्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका घ्या, तिची उतरंड ठरलेली असते. सगळ्यात वर कीर्तनकार महाराजांचे फोटो आणि रोजची कीर्तनसेवा. त्याखाली गायनाचार्य, मृदंगाचार्य, हार्मोनियमवादक. मग विणेकरी, चोपदार, पंगतीचे अन्नदाते, काल्याच्या महाप्रसादाचे यजमान आणि शेवटी मंडप व साउंड सिस्टीमवाला. गावातलं जवळजवळ प्रत्येक काम इथं नावानिशी नोंदलेलं असतं. नसतो तो एकच माणूस, अभंगाला नवी चाल बांधणारा. चाल एकतर परंपरेनं आलेली असते, नाहीतर एखाद्या सिनेमाच्या गाण्यावरून उचललेली. आणि कुणा पेटीवाल्यानं रात्री जागून स्वतः बांधलेली असलीच, तर ती चांगली असल्यास पंचक्रोशीत पसरते. बांधली कुणी, हे कुणी विचारत नाही.

सेलू तालुक्यातलं वालूर जाणकारांना ठाऊक आहे ते तिथल्या बारवेमुळे. पायऱ्या सरळ न उतरता गोल वळण घेत पाण्यापर्यंत नेणारी ही बारव गाळानं आणि कचऱ्यानं भरून गेली होती. गावकऱ्यांनी अंगमेहनत करून ती मोकळी केली आणि आता लोक लांबून ती बघायला येतात. जुनं सांभाळायची बुद्धी या गावाकडे आहे, हे त्यातून दिसलं. नवं मागायची बुद्धी आपल्या गावांकडे आहे का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि तो एकट्या वालूरला विचारण्याचा नाही.

वालूरच्या आकाराच्या मराठवाड्यातल्या गावात सगळी वाद्यं हाताळणारा एखादा तरी असतोच. पहाटे काकड्याला तो पेटी धरतो, मृदंगाचार्य आला नाही तर पखवाजही ओढून घेतो. लग्नसराईत बेंजो पार्टीत कीबोर्डवर बसतो. शाळेच्या गॅदरिंगला ढोलकी त्याचीच आणि चौदा एप्रिलच्या भीमगीतांना साथही त्याचीच. कुणी शिकवलं विचारलं तर सांगतो, ऐकून ऐकून आलं. गावाच्या लेखी तो 'वाजवणारा' असतो. संगीतकार म्हणजे टीव्हीवर दिसणारा, मुंबईत राहणारा, असं गावानं ठरवूनच टाकलेलं आहे.

वाजवणारा आणि संगीतकार यांच्यात प्रतिभेचं अंतर असेलही. पण निम्म्याहून अधिक अंतर वेगळ्याच कारणानं पडतं. वाजवणाऱ्याला आयुष्यभर सगळे सांगतात, 'ते अमकं गाणं वाजव.' 'आमच्यासाठी नवं काहीतरी बांध,' असं त्याला कुणी कधी म्हणत नाही. आधुनिक मराठी संगीतरचनेतलं एक मोठं नाव, भास्कर चंदावरकर, यांची कारकीर्द याच बाजूनं पाहण्यासारखी आहे.

चंदावरकरांचा जन्म 1936 चा, मृत्यू 2009 मध्ये पुण्यात. वाद्य सतार, गुरू पंडित रविशंकर. एवढ्या भांडवलावर माणूस मैफलीचा सतारिया व्हायचा आणि थांबायचा. चंदावरकर थांबले नाहीत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पंधराएक वर्षं संगीत शिकवलं, म्हणजे सिनेमा करायला आलेल्या मुलांना ऐकायला शिकवलं. देशोदेशीची वाद्यं त्यांनी नुसती जमवली नाहीत, समजून घेतली. वाद्यांवर त्यांनी मराठीत लिहिलेलं 'वाद्यवेध' वाचलं की कळतं, या माणसाला वाद्याच्या पोटात काय आहे याचं कुतूहल होतं. लाकूड कुठलं, कातडं कुठलं, हवा कुठून जाते, आणि हे वाद्य वाजवणारी माणसं कोण. शास्त्रीय संगीत शिकलेल्यांत असं कुतूहल कमी आढळतं. आपलं वाद्य श्रेष्ठ आणि बाकीची साथीची, अशीच बहुतेकांची घडण असते.

मग 1972 आलं. मराठवाड्याच्या आठवणीत ते दुष्काळाचं साल, पण पुण्यात त्याच वर्षी 16 डिसेंबरला भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणलं. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची, संगीत चंदावरकरांचं. 19 प्रयोगांनंतर संस्थेनंच नाटक थांबवलं. नाटक करणारी मंडळी बाहेर पडली, 1973 मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि 1974 च्या जानेवारीत 'घाशीराम' पुन्हा सुरू झालं. 1980 मध्ये ते युरोपात गेलं. हा इतिहास अनेकांना पाठ आहे. त्याच्या संगीताकडे मात्र जवळून पाहिलं जात नाही.

रंगमंचावर ब्राह्मणांची एक रांग उभी आहे. ती प्रेक्षकांकडे तोंड करून गाते, डोलते. पाठ फिरवली की तिची भिंत होते आणि भिंतीमागे जे चालायचं ते चालतं. पुन्हा वळली की गाव, पुन्हा वळली की दरबार. ही माणसं गातात, बोलतात, नाचतात आणि नेपथ्यही तीच असतात. अशा नाटकाला चार गाणी बांधून देऊन भागत नाही. लय सुटली तर भिंत कोसळणार. रांगेतल्या प्रत्येकाच्या पायाला, मानेच्या झोक्याला आणि वाक्याला एकच ठेका धरून ठेवतो. संगीतकारानं तिथं गाण्यांबरोबर नाटकाचा सांगाडाच बांधलेला आहे.

आणि हा सांगाडा कशाचा? कीर्तन, अभंग, लावणी, कोकणातल्या दशावताराची चाल. पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाला जाणाऱ्या श्रोत्याला जे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायची सवय होती, ते चंदावरकरांनी एकमेकांच्या अंगाला अंग लावून उभं केलं. देवळातल्या कीर्तनाचा सूर अन् बावनखणीतल्या लावणीचा सूर यांत फार अंतर नाही, हे नाटकाचं म्हणणं प्रेक्षकाच्या आधी कानाला कळतं. चंद्रकांत काळे, रवींद्र साठे यांच्यासारखे गळे त्यातून महाराष्ट्राला मिळाले. वालूरच्या पेटीवाल्यानं हे ऐकलं तर त्याला त्यात परकं काही वाटणार नाही, कारण यातला कच्चा माल त्याच्याच घरचा आहे. पुण्यानं तो वापरला एवढंच. ही तक्रार नाही. मात्र आपल्याकडे संगीत कमी आहे म्हणून संगीतकार नाहीत, या समजुतीला यातून परस्पर उत्तर मिळतं.

चंदावरकरांची पुढची यादी लांब आहे. जब्बार पटेलांचा 'सामना' 1975 चा; त्यातलं रवींद्र साठे यांनी गायलेलं 'कुणाच्या खांद्यावर' आजही रात्रीच्या एसटीत कुणाच्या तरी मोबाइलवर लागतं. तो सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गेला. कन्नडमध्ये 'वंशवृक्ष' आणि 'ओंदानोंदु कालदल्लि', हिंदीत कुमार शहानींचा 'माया दर्पण' आणि मृणाल सेन यांचा 'खंडहर', बंगालीत अपर्णा सेन यांचा 'परोमा', मल्याळममध्ये 'स्वप्नाडनम'. भाषा बदलल्या, प्रांत बदलले, माणूस पुण्यातच राहिला. अखेरच्या वर्षांत संदीप सावंत यांचा 'श्वास' आला, 'श्यामची आई'नंतर राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळवणारा पहिला मराठी चित्रपट. एका लहान मुलाचे डोळे जाणार आहेत, अशी ती गोष्ट. रडवायला सोपी. पार्श्वसंगीतानं तिथं किती कमी बोलावं, याचा तो धडा आहे.

या सगळ्या यादीत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन म्हटलेलं आहे, 'आम्हाला नवं हवंय.' तेंडुलकरांच्या संहितेनं म्हटलं, जब्बारांनी म्हटलं, 'वंशवृक्ष'च्या कर्नाड-कारंथांनी म्हटलं. चंदावरकरांची बहुवाद्यवृत्ती आणि अभ्यास खरा, पण त्याला काम मागणारी माणसं अवतीभवती नसती तर ते उत्तम शिक्षक आणि बरे सतारिये म्हणून निवृत्त झाले असते. संगीतकाराची कारकीर्द एकट्यानं होत नाही. कवीला वही पुरते. संगीतकाराला गळे, वाद्यं, तालमीची जागा आणि मुख्य म्हणजे मागणी लागते.

हे लक्षात आलं की आनंद मोडक यांचं उदाहरण आणखी जवळचं वाटतं. अकोल्यात 1951 मध्ये जन्मलेला हा माणूस बँकेत नोकरी करत संगीतकार झाला. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'ला 1974 मध्ये त्यांनी संगीत दिलं. घरात बाप मेलेला, चितेची चिंता पडलेली आणि सगळं कीर्तनाच्या घाटात चाललेलं. विनोद आणि सुतक एकाच चालीत बसवणं हे अवघड काम पंचविशीच्या आतल्या तरुणावर सोपवायला थिएटर अकॅडमी कचरली नाही. 1978 मध्ये पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तवरून केलेला 'तीन पैशाचा तमाशा' आला, तेव्हा चंदावरकर, मोडक आणि नंदू भेंडे अशी तीन वेगळ्या वळणाची डोकी एकाच नाटकाच्या संगीताला लागली. मोडकांचं पुढचं एक काम मराठवाड्यानं तरी विसरू नये. 'एक होता विदूषक' या चित्रपटाची गाणी ना. धों. महानोरांची, म्हणजे अजिंठ्याच्या पायथ्याच्या पळसखेड्याची. शेतकरी कवी आणि बँकवाला संगीतकार यांनी मिळून तमाशाचं आख्खं जग उभं केलं.

बँकेच्या नोकरीचा उल्लेख मुद्दाम केला. संगीतरचनेवर पोट भरत नाही, ही अडचण आपल्या गावापुरतीच नाही. मुंबईचे वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकले, मग पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे. पाश्चात्त्य अभिजात संगीतातली त्या काळातली सगळ्यात नावाजलेली गुरू. परत आल्यावर त्यांनी दिल्ली विद्यापीठात शिकवलं, हजारो जाहिरातींच्या धुना केल्या, 'अंकुर', 'भूमिका', 'तमस' केले. 'तमस'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2012 मध्ये पद्मश्री. आयुष्याच्या उत्तरार्धात गिरीश कर्नाडांच्या नाटकावरून त्यांनी 'अग्नि वर्षा' हा ऑपेरा लिहायला घेतला, त्यातला काही भाग भारतात नव्हे, न्यूयॉर्कमध्ये सादर झाला. 2021 मध्ये ते गेले, त्याआधी दोनेक वर्षं त्यांच्या आर्थिक ओढाताणीच्या बातम्या देशभरच्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या.

त्याच बूलांजेबाईंचा दुसरा विद्यार्थी फिलिप ग्लास. पॅरिसमध्ये असताना त्याला एक काम मिळालं, रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य वादकांसाठी कागदावर उतरवायचं. त्या कामानं लयीकडे पाहण्याची त्याची नजर बदलली. न्यूयॉर्कला परतल्यावर त्यानं नळजोडणीची कामं केली, टॅक्सी चालवली. 1976 मध्ये त्याचा ऑपेरा तिथल्या सगळ्यात मोठ्या ऑपेरागृहात तुडुंब गर्दीत झाला आणि त्यानंतरही काही काळ तो टॅक्सीच चालवत होता. तेव्हा गावातला पेटीवाला दिवसा सोयाबीनच्या रानात असतो, मोंढ्यात हमाली करतो किंवा मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो म्हणून तो 'हौशी', असं म्हणायचं काही कारण नाही.

परभणी जिल्ह्याकडे संगीताचा माल किती आहे, ते मोजायला गेलं तर दमछाक होईल. संत जनाबाईंचं गंगाखेड इथलं. गोंधळमहर्षी राजारामबापू कदम परभणीचे. गोंधळी एकाच वेळी गातो, वाजवतो, नाचतो, आख्यान सांगतो, सोंगही आणतो. संबळ, तुणतुणं आणि झांज एवढ्या सामानात रात्र काढतो. बहुवाद्यवादक आणि रंगकर्मी एकाच देहात असण्याचं याहून चांगलं उदाहरण पुण्या-मुंबईत शोधावं लागेल. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात कव्वाली रंगते. गावोगावच्या गायन पार्ट्या भीमजयंतीला रात्र रात्र जागवतात.

फक्त हे सगळं एकमेकांना भेटत नाही. संबळ गोंधळ्याचं, हलगी मातंगांची, पखवाज वारकऱ्यांचा, ढोलक कव्वालाचं. वाद्यांची ही वाटणी जातींच्या वाटणीला चिकटून आलेली आहे आणि ती मोडायला कुणाला फारशी घाई नाही. चार वाद्यं शिकलेला पोरगा मात्र ती न बोलता मोडत असतो. भीमगीताचा ठेका आणि हरिपाठाचा ठेका एकाच हातात असलेला माणूस गावात असेल, तर त्याच्याकडून त्या दोन्हींचं मिळून काहीतरी ऐकायची इच्छा गावाला व्हायला हवी. कीर्तन आणि लावणी शेजारी बसवणाऱ्या 'घाशीराम'वर केवढा गहजब झाला होता, हे आठवलं की या कामाला किती धाडस लागतं तेही कळतं.

शिक्षणव्यवस्था इथं फारशी मदत करत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी खेड्यापाड्यांत संगीत नेलं, हे त्यांचं मोठं काम. प्रारंभिक, प्रवेशिका, विशारद या पायऱ्या चढून किती तरी मुलांना गळा आणि हात मिळाला. पण तिथं कसोटी लागते ती आधी बांधलेलं नीट गाता-वाजवता येण्याची. रागात स्वतःची बंदिश कर आणि ती का तशी केलीस ते सांग, असं मुलाला विचारणारा शिक्षक भेटणं नशिबाचा भाग असतो.

आणि शाळेच्या गॅदरिंगबद्दल न बोललेलं बरं, पण बोलायला हवं. पूर्वी निदान पेटी-तबला स्टेजच्या कोपऱ्यात असायचा. आता पेन ड्राइव्ह असतो. मुलं सिनेमाच्या गाण्यावर नाचतात, नाटुकल्याला मोबाइलमधलं संगीत लागतं, देशभक्तीपर गाणी कराओकेवर होतात. गावात चार वाजवणारे बसलेले असताना शाळा पुण्या-मुंबईत ध्वनिमुद्रित झालेला आवाज भाड्याच्या स्पीकरवर ऐकते. खर्च वाचतो असं सांगतात. डीजेच्या एका रात्रीला गाव जे मोजतं, ते पाहिलं तर खर्चाचं कारण पटत नाही.

यावर एक आक्षेप येणारच. चंदावरकरांना रविशंकर मिळाले, पुणं मिळालं, फिल्म इन्स्टिट्यूट मिळाली. वालूरच्या पोराला काय मिळणार? आक्षेप खरा आहे. गावात सांगून केलेल्या दहा नव्या चालींतल्या आठ सुमार निघतील. निघू द्याव्यात. पुण्यातही सुमार संगीताची नाटकं ढिगानं झाली, म्हणून तर दोन-तीन टिकली. मराठवाड्यात स्पर्धांसाठी नाटकं बसतात, परभणीत राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र असतं. म्हणजे संहिता आहेत, नट आहेत, तालमी आहेत. संगीताच्या जागी मात्र फार वेळा इंटरनेटवरून उतरवलेले तुकडे चिकटवलेले असतात. दिग्दर्शकाला नेपथ्यासाठी सुतार लागतो हे कळतं, संगीतासाठी माणूस लागतो हे त्याला अजून पटायचं आहे.

दुसरी गोष्ट हक्काची. चाल बांधणाऱ्याला कायद्यानं मालकी आहे, हे गावातल्या बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नाही. रचना झाली की कॉपीराइट आपोआप निर्माण होतो, नोंदणीची सक्ती नाही. 1994 च्या दुरुस्तीनंतर ती स्वरलिपीत लिहिलेली असायलाच हवी अशीही अट राहिली नाही. 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकारांच्या रॉयल्टीच्या वाट्याला संरक्षण दिलं. अभंग तुकोबांचा असला तरी नवी चाल ती बांधणाऱ्याची असते, हयातभर आणि मृत्यूनंतर 60 वर्षं. यूट्यूबवर भजनी मंडळांच्या व्हिडिओंना लाखांनी प्रेक्षक मिळण्याच्या काळात ही माहिती कागदावर ठेवून चालणार नाही. चाल बांधली की ती मोबाइलमध्ये तारखेसह मुद्रित करून ठेवावी आणि व्हिडिओखाली नाव लिहायला लावावं. एवढं तरी आजच करता येण्यासारखं आहे.

सरकारनं अकादमी काढावी, अशी मागणी इथं करायची नाही. अकादमी निघेल, तिला इमारत होईल, उद्घाटन होईल आणि कुलूप लागेल, हे मराठवाड्यानं पुष्कळ वेळा पाहिलेलं आहे. मागणी लहान आहे आणि ती सरकारकडे नाही. वालूरच्या, सेलूच्या, चारठाण्याच्या शाळांनी येत्या गॅदरिंगला एकच नाटुकलं असं करावं की ज्याचं संगीत गावातल्याच माणसानं नव्यानं बांधलेलं असेल आणि मुलांनी ते स्टेजवर प्रत्यक्ष गायलेलं-वाजवलेलं असेल. विषय कुठलाही चालेल, बारवेची गोष्टही चालेल. बांधणाऱ्याला दिवाळीच्या सुटीआधी संहिता द्यावी, तालमीला महिनाभर तरी मिळावा आणि मानधन शालेय समितीनं ठरवून निम्मं आगाऊ द्यावं. गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत असतं. मुख्याध्यापकांनी पेटीवाल्याला या आठवड्यातच निरोप धाडलेला बरा.